ब्रेंडनचा शब्द

यंदा गणपती ल्यूकनच्या हॉलमध्येच बसणार, असं मी मंडळात छातीठोकपणे सांगून बसले होते. हॉल मिळाला नसता तर माझं नाकच कापलं गेलं असतं. म्हणून आमच्या नगरसेवकाला, ब्रेंडनला गाठलं. शनिवारी तो पबच्या मागच्या खोलीत लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. माझंही ऐकलं आणि म्हणाला, "बघतो मी. शब्द टाकतो." मग निवडणूक तोंडावर आल्याचं हळूच सुचवलं.

एवढं न कळायला मी काय दूधखुळी? इथं परदेशात नागरिकत्व नसलं तरी नगरसेवकासाठी मत देता येतं. मतपत्रिकेवर पसंतीनं एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे. मी घरोघर फिरले, पोहे खाऊ घातले, नवऱ्याला, म्हणजे हरीशला, मतदारांची ने-आण करायला जुंपलं. एक नंबर ब्रेंडनला, एवढाच जप.

आणि आमच्या शहाण्यांनी केलं काय? ब्रेंडन येणारच, मग आपल्या यामिनीला निदान चार मतं तरी पडू देत, म्हणून एक नंबर तिला आणि दोन ब्रेंडनला! यामिनी हौसेनं अपक्ष उभी होती. हे मला कळलं मोजणी केंद्रात, ब्रेंडन गटांगळ्या खात असताना. गेला हॉल!

वॉर्डातल्या बाकीच्या जागा भरल्या, शेवटची एकच उरली. सगळ्यात कमी मतं म्हणून यामिनी बाद झाली आणि इथल्या नियमाप्रमाणे तिची मतं मतपत्रिकांवरच्या दोन नंबरवाल्यांना वाटायला घेतली. ब्रेंडन. ब्रेंडन. पुन्हा ब्रेंडन! त्याचा गठ्ठा चढत गेला, मी हरीशचा दंड पिळत होते. ब्रेंडन निवडून आला आणि मी भर केंद्रात "मोरया" ओरडले. त्यानं मला मिठीच मारली आणि हॉलच्या नूलाबाईंचा नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी फोन करून मी ऐटीत ब्रेंडनचं नाव सांगितलं.

"त्याचं इथं काय काम?" नूलाबाई म्हणाल्या. "जो आधी फोन करेल त्याला हॉल. तुमचं बुकिंग केलं, ग्रँड." इथं 'ठीक'ला ग्रँडच म्हणतात.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण संध्याकाळी मंडळात हॉल मिळाल्याचं सांगितलं, तेव्हा टाळ्या थांबेनात. मला भलतंच छान वाटलं.

तेवढ्यात मंडळातली कीर्ती कानाशी लागली. तिच्या गल्लीतला दिवा बंद होता, ब्रेंडनला सांगशील का म्हणाली. अशी तक्रार कौन्सिलच्या वेबसाइटवर कुणालाही करता येते. मी स्वतःच मागे केली होती.

"बघते मी," मी म्हणाले. "शब्द टाकते."