मास्तरांचं सीआरपी

पीटीच्या मास्तरांच्या स्वादुपिंडाला सूज आली, पण खोड काही गेली नाही. रक्तातलं लायपेज तीन हजारांवर गेलंय हे कळताच, पोट धरून विव्हळणारा हा माणूस शेजारच्या खाटेवर त्याच आजारानं पडलेल्या बेकरीवाल्याला म्हणाला, "तुमचं किती?"

"आठशे."

"हॅट!"

बायकोनं कपाळाला हात लावला. कपडे शिवून तिनं संसार ओढला होता. पण हे ध्यान उसवून पुन्हा शिवता येत नाही, हे तिला कधीच कळून चुकलं होतं.

दोन दिवसांत लायपेज चारशेवर उतरलं. धाकटे भावजी मोबाइल नाचवत आले. "वहिनी, आकडा उतरला म्हणजे आजार उतरला! गाडी दारात उभी आहे. दादा, ऊठ!" भावजींनी जन्मात एक पुस्तक पुरतं वाचलं नव्हतं, पण मोबाइलवर दोन ओळी वाचून ते घरादाराचे सर्जन झाले होते. असल्या दीडशहाण्यांमुळे माणसं मरतात आणि बोल मात्र नशिबाला लागतो.

डॉक्टरीणबाई रक्त घ्यायला आल्या. मास्तरांनी हात पांघरुणात दडवला. "झालं की आता. मी घरी चाललो."

"काका, लायपेजवरून आजार कोणता ते कळतं. तो किती चिघळणार, ते नाही कळत. आजार बळावला तरी ते उतरतं. मला सूज किती भडकलीय ते सांगणारं सीआरपी बघायचंय, मूत्रपिंडं कशी चालतायत ते सांगणारा युरिया बघायचाय. सीआरपी चढायला वेळ लागतो, म्हणून आज पुन्हा सुई."

"कुठं सही करू ते सांगा. मी जातो."

बायकोनं नवऱ्याला नीट न्याहाळलं. ओठ सुकलेले, श्वास भात्यासारखा, लघवीची पिशवी सकाळपासून जवळजवळ रिकामी. आणि हा बाबा गाडीत बसणार! रडून-भेकून उपयोग नव्हता. या माणसापुढे विनवणी चालत नसे, चालायची ती फक्त शर्यत.

"चला," ती सामान भरत म्हणाली. "नाहीतरी बेकरीवाले पुढे गेलेच."

"पुढे म्हणजे?"

"त्यांचं सीआरपी शंभरावर गेलं. तुमचं कुठलं तेवढं यायला? कशाला हसं करून घेताय?"

बेकरीवाल्यानं तोंड उघडलं. तिनं डोळे वटारले. त्यानं ते मुकाट मिटलं.

"घ्या हो रक्त!" मास्तर गरजले. हात असा ताठ बाहेर आला, की जणू कवायतच सुरू झाली. भावजी नुसते "अरे दादा, दादा" करत राहिले.

रिपोर्ट आला. सीआरपी दोनशे ऐंशी, युरिया कालच्या दुप्पट. डॉक्टरीणबाईंनी सलाईन वाढवलं आणि खाट लगेच आयसीयूकडे निघाली.

"किती आलं?" मास्तरांनी विचारलं.

"दोनशे ऐंशी."

मास्तर हसायला गेले, पण कळ आली. मग त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला. "वाईट आहे का गं?"

"आहे. पण इथं आहात, घरी नाही." तिनं खाटेचा दांडा घट्ट धरला होता.

"आणि त्याचं खरंच शंभर होतं?"

"मला काय ठाऊक? मी कपडे शिवते."

"चीटिंग!" मास्तर आयसीयूच्या दारात ओरडले. नर्सनं दटावलं.

"हो, केली," ती म्हणाली. "भांडायचं असेल तर बरे होऊन या."