लोणचं म्हणून दिलेली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. सध्या माझा मुक्काम वारज्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत आहे आणि माझ्या पोटात कांदे-बटाटे भरलेले असतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कांद्याच्या आत काय आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. पण एके काळी माझ्या पोटात पुण्याचं सामान मुंबईला जात होतं आणि मुंबईचं पुण्याला येत होतं. ती हकिकत मला तुम्हाला सांगायची आहे. ती फारशी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मंडईजवळच्या एका पत्र्याच्या दुकानात माझा जन्म झाला. नागोराव नावाच्या टॅक्सीवाल्याने मला मुद्दाम करवून घेतलं होतं. नागोराव वाशीमकडचे. तरुणपणी कामधंद्यासाठी पुण्यात आले आणि पुणे स्टेशनच्या स्टँडवरून दादरपर्यंत फियाट टॅक्सी चालवू लागले. मला घडवणाऱ्या कारागिराला त्यांनी बजावलं होतं, "डिकीत कोपऱ्यात बसली पाहिजे. अन् आतून गोणपाट लावा. लोकाचं काचेचं सामान राहाते."

त्या काळी स्टँडवर एक पद्धत होती. प्रवाशाशिवायही सामान जायचं. कुणी यायचं, पिशवी टॅक्सीवाल्याच्या हाती द्यायचं आणि म्हणायचं, "दादरला माझा मेहुणा उभा असेल, त्याला द्या." बहुतेक टॅक्सीवाले पिशवी सीटखाली सरकवून मोकळे व्हायचे. नागोराव तसं करत नसत. ते आधी विचारायचे, "आत काय हाय?" उत्तर मिळाल्यावर वस्तू माझ्यात ठेवायचे. काच असेल तर गोणपाटात गुंडाळायचे, खाण्याचं असेल तर वर ठेवायचे. आणि ज्याचं नाव सांगितलं असेल त्याच्याच हातात द्यायचे, दुसऱ्या कुणाच्या नाही. दादरला माणूस आला नाही तर वस्तू माझ्यातच पुण्याला परत येई.

विसरलेल्या वस्तूंचंही मीच घर होते. प्रवासी उतरले की नागोराव सीटखाली हात फिरवायचे आणि सापडेल ते माझ्याकडे आणून द्यायचे. चष्मे, मफलर, एकदा तर कुणाची कवळी. एका गृहस्थांनी विसरलेली छत्री दुसऱ्या पावसाळ्यात येऊन मागितली. नागोरावांनी ती माझ्यातून काढून दिली, तर गृहस्थ म्हणाले, "सांभाळलीत, पण झटकली नाहीत." पुण्यात आभार असेही मानतात! तरी स्टँडवर नाव झालं होतं. सामान द्यायचं तर नागोरावांच्या पेटीत, असं लोक म्हणायचे आणि मी डिकीच्या अंधारात फुशारून जायचे.

मग दिवस भराभर बदलू लागले. मोठ्या मोठ्या खोक्यांतून कॉम्प्युटर येऊ लागले. चाकांच्या बॅगा घेऊन पोरं अमेरिकेला जाण्यासाठी मुंबईचं विमानतळ गाठू लागली. कमरेला पेजर आले. प्रत्येकाला घाई झाली आणि मुंबईचा नवा रस्ता अजून व्हायचा होता, त्यामुळे घाई घाटातच अडकून बसायची.

अशाच एका उन्हाळ्यात, सकाळी, गोपाळकृष्णकाका स्टँडवर आले. निवृत्त गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, पण त्या दिवशी दाढी केलेली नव्हती. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत काचेची एक बरणी होती. पिशवीवर त्यांच्या भाच्याचं, अनंतचं, नाव होतं. अनंत मुंबईत कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला होता आणि दादरला येऊन बरणी घेणार होता.

नागोरावांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, आत काय हाय?"

काकांनी आजूबाजूला पाहिलं. शेजारी दोन प्रवासी उभे होते. त्यातले एक काकांच्या ओळखीचे असावेत, कारण ते मान वळवून बघू लागले होते. काका घाईघाईने म्हणाले, "लोणचं. लोणचं आहे हो. भाच्याला आवडतं."

बरणी माझ्यात आली आणि झाकण लागलं. तेव्हाच मला कळलं, मित्रांनो, की हे लोणचं नव्हे. मी किती घरांची लोणची वाहिली आहेत! मोहरी, हिंग, मेथी मला झोपेतही ओळखू येते. या बरणीला दवाखान्याच्या फरशीसारखा झोंबरा वास येत होता. आत काय आहे ते मला तेव्हा कळलं नाही. ते नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. काकांच्या पत्नी सुशीलाबाई पुण्यातल्या एका दवाखान्यात होत्या. त्यांच्या छातीत गाठ झाली होती. त्या गाठीचा तुकडा कापून औषधात बुडवून बरणीत ठेवला होता. तो मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात तपासायचा होता आणि त्यावरून उपचार ठरायचे होते. पत्नीला सोडून काकांना हलता येत नव्हतं. आणि कॅन्सर हा शब्द त्यांनी सुशीलाबाईंपुढेही उच्चारला नव्हता. साधी गाठ आहे, असंच त्यांना सांगितलं होतं. जो शब्द घरात बोलवत नव्हता, तो स्टँडवर चारचौघांत कसा बोलवणार?

त्या दिवशी घाटात एक ट्रक आडवा झाला. आम्ही दादरला पोचलो तेव्हा फार उशीर झाला होता. अनंत येऊन, वाट पाहून, पेजर वाजल्यामुळे ऑफिसला परत गेला होता. संध्याकाळच्या आत पुन्हा येतो, असा निरोप त्याने स्टँडवर ठेवला होता.

नागोरावांनी डिकी उघडली. पत्रा चटके देत होता. ते स्वतःशीच म्हणाले, "एवढ्या उन्हात तेल सुटंल की याचं." आणि त्यांनी बरणी माझ्यातून उचलली. परतीचा नंबर लागेपर्यंत ते नेहमी जरा आडवे होत. स्टँडसमोर बापूरावांचं चहाचं दुकान होतं. त्यांना ते म्हणाले, "बापूराव, हे सावलीत ठेवा. अनंत नावाचा पोरगा येईल, त्याच्याच हातात द्या."

"काय आहे?" बापूरावांनी विचारलं.

"लोणचं हाय."

इतक्या वर्षांत त्यांनी एकदाच नियम मोडला, तोही लोणच्याच्या काळजीपोटी. आत माणसाचा जीव अडकला आहे हे त्यांना ठाऊक असतं, तर त्या माणसाने बरणी मांडीवर घेऊन दवाखाना गाठला असता. मी आतून ओरडावं म्हटलं, पण माझा आवाज म्हणजे झाकणाचा खडखडाट. त्याकडे कोण लक्ष देणार?

दुपारी निघायच्या आधी नागोराव चौकशीला गेले. बापूरावांनी त्यांच्या हातात बरणी ठेवली. स्वच्छ, लख्ख, रिकामी.

"अहो, नासलं होतं तुमचं लोणचं. जेवताना म्हटलं जरा फोड घेऊ, तर झाकण काढताच डोळ्यांतून पाणी आलं. गटारात ओतून टाकलं. बरणी मात्र चांगली आहे, साबणाने धुऊन ठेवलीय."

नागोराव चिडले. दुसऱ्याची बरणी उघडलीच कशाला, म्हणून त्यांनी बापूरावांना चार शब्द सुनावले. पण शेवटी लोणचंच ते. रिकामी बरणी माझ्यात ठेवून आम्ही पुण्याला निघालो. साबणाचा वास येत होता. आयुष्यात एवढं हलकं ओझं मला एवढं जड कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी स्टँडवर काका उभे होते. बापूरावांकडून ऐकून अनंतने त्यांना फोन केला होता. तरी आणखी कुठली दुसरी बरणी निघेल, अशी वेडी आशा त्यांना असावी. नागोराव त्यांना पाहताच पुढे झाले.

"काका, माफ करा. लोणचं नासलं म्हणून त्या माणसानं टाकून दिलं. पण तुम्ही फिकीर करू नका. आमची कारभारीण, यमुना, फार चांगलं लोणचं घालते. उद्याच्या खेपेला भरलेली बरणी पोचवतो भाच्याला."

काका तिथेच फुटपाथच्या कडेवर बसले. मग त्यांनी खरं काय होतं ते सांगितलं. नागोराव डिकीला टेकून उभे राहिले. त्यांचा हात माझ्या झाकणावर होता.

"मी विचारलं होतं, काका," ते एवढंच म्हणाले. "मी विचारलं होतं ना तुम्हाला."

"हो," काका म्हणाले. "तुम्ही विचारलं होतंत."

आता लपवण्यात अर्थ राहिला नाही. तुकडा पुन्हा कापावा लागणार होता आणि पुन्हा का, हे सुशीलाबाईंना सांगणं भाग होतं. काकांनी ते कसं सांगितलं मला माहीत नाही. त्या वेळी मी डिकीत होते आणि नागोराव दिवसचे दिवस कुणाशी बोलत नव्हते.

दुसऱ्यांदा बरणी घेऊन काका आले तेव्हा सुशीलाबाई बरोबर होत्या. चेहरा उतरलेला, एक हात काकांच्या दंडावर. स्टँडवर नेहमीची गर्दी होती. नागोरावांनी बरणी घेतली, पण काही विचारलं नाही. त्यांचा धीरच झाला नाही.

"विचारा ना," सुशीलाबाई म्हणाल्या. "विचारायची पद्धत आहे म्हणे तुमची."

नागोराव हळूच म्हणाले, "ताई, आत काय हाय?"

"माझ्या छातीतल्या गाठीचा तुकडा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "कॅन्सर आहे का ते बघायला मुंबईला निघालाय. आधीचा तुमच्या मित्राने गटारात ओतला. हा जपून न्या. तिसरा द्यायची माझी तयारी नाही."

काका खाली मान घालून उभे होते. नागोरावांनी मला डिकीतून सोडवलं आणि पुढच्या सीटवर, आपल्या शेजारी ठेवलं. त्या सीटवर त्यांनी प्रवासी घेतला नाही. दादरला अनंत रजा काढून उभा होता. त्याला गाडीत बसवून नागोरावांनी थेट दवाखाना गाठला आणि बरणी पोचल्याचं डोळ्यांनी पाहूनच ते परतले.

तो कॅन्सरच निघाला. लांबलचक उपचार झाले. मधले दिवस वाया गेल्याने फार बिघडलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. नागोरावांना ते कधी पटलं नाही. खरं सांगू? मलाही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सुशीलाबाई स्टँडवर आल्या. केस गेलेल्या डोक्याला रुमाल बांधलेला होता आणि हातात बरणी होती. "लोणचं आहे. या वेळी खरंच. उघडून बघा." नागोरावांनी सर्वांदेखत झाकण उघडून एक फोड तोंडात टाकली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "तिखट हाय, ताई," ते म्हणाले. पुढे दर उन्हाळ्यात बरणी येत राहिली.

मग नवा रस्ता झाला, गारेगार बस आल्या, फियाट भंगारात गेली. नागोरावांचा मुलगा सुदर्शन हिंजवडीच्या एका कंपनीसाठी गाडी चालवू लागला. त्याच्या डिकीत गॅसची टाकी आली आणि माझी जागा गेली. सामानाबद्दल नागोराव काही सांगू लागले की तो म्हणतो, "बाबा, लगेज पॅसेंजरने सांभाळायचं. मला टाइम फॉलो करायचा असतो." म्हणून माझी रवानगी गॅलरीत झाली.

एका वर्षी बरणी आली नाही. पावसाळा संपत आला तेव्हा गोपाळकृष्णकाका पत्ता शोधत, जिने चढत वारज्याच्या घरी आले. एकटेच. ते गॅलरीत माझ्याशेजारी खुर्चीवर बसले आणि धाप ओसरल्यावर त्यांनी पिशवीतून बरणी काढली.

सवयीने नागोरावांच्या तोंडून गेलं, "काका, आत काय हाय?"

"लोणचं," काका म्हणाले. "जायच्या आधी तिने घालून ठेवलं होतं. पोचवायचं राहून गेलं." मग बरणी पुढे करून ते म्हणाले, "उघडून बघा, नागोराव."

नागोरावांनी झाकणाला हातही लावला नाही. "नको, काका," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं ना."

त्यांनी कांदे बाजूला सारले आणि बरणी माझ्या गोणपाटावर, अगदी मध्ये ठेवली. बऱ्याच वर्षांनी मला मोहरीचा आणि हिंगाचा वास आला.

मित्रांनो, दुसऱ्याचं सामान हातात घ्याल तेव्हा आत काय आहे ते विचारा. विचारायला लाजू नका आणि ज्याचं आहे त्याच्याच हातात द्या. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर कितीही अवघड असलं तरी खरं सांगा. ते लोणचं नव्हे, एवढं मला त्या दिवशी कळत होतं, पण माझ्या तोंडाला झाकण होतं. तुमच्या तोंडाला तर नाही ना?