केसभर सरकलेली फुली

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. चांदण्या बघायची नव्हे. मी शिकारीच्या रायफलीवर बसते. माझ्या भिंगात दोन बारीक रेषांची एक फुली आहे. गोळी जिथे जाणार तिथेच ती फुली दिसली पाहिजे, एवढंच माझं आयुष्यभराचं काम.

फिनलंडच्या पूर्व टोकाला, सरोवराकाठच्या एका गावात आर्नेने मला रायफलीवर बसवलं. तो घड्याळंही दुरुस्त करायचा, त्यामुळे घाई त्याच्या हाताला ठाऊकच नव्हती. त्याने रायफलीवर पोलादी पट्टी बसवली, पट्टीवर दोन कड्या लावल्या आणि कड्यांत मला ठेवलं. मग माझा मालक ओइवा याला दस्ता खांद्याला लावायला सांगून तो मला मागेपुढे सरकवत राहिला.

"डोळ्यापासून चार बोटं तरी लांब हवी," आर्ने म्हणाला. "नाहीतर बार उडाला की धक्क्याने हीच तुझी भुवई फोडेल."

"तशीही माझी भुवई काही देखणी नाही," ओइवा म्हणाला.

आर्नेने समोरच्या बर्चच्या फांदीला ओळंबा टांगला. माझी उभी रेष त्या दोरीशी जुळेपर्यंत मला वळवलं आणि मग स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. शेवटी शंभर मीटरवर कागद लावून ओइवाने तीन गोळ्या मारल्या. आर्नेने माझ्या अंगावरची नेम जुळवायची छोटी चाकं टिकटिक फिरवली. पुन्हा तीन गोळ्या झाल्या. या वेळी तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली.

त्यानंतर चोवीस शरद ऋतू मी ओइवाबरोबर दलदली तुडवल्या. "ओइवाची दुर्बीण खोटं बोलत नाही," असं गावातले लोक म्हणायचे तेव्हा मला फार बरं वाटे. पुढे ओइवाची नजर अधू झाली. मग सहा वर्षं मी लोखंडी कपाटात, कुलपाआड पडून होते. माझ्यावरची धूळसुद्धा कुणी पुसली नाही.

मला बाहेर काढलं ते त्याच्या मुलीने, इल्ताने. ती शहरात बस चालवायची. गावी परतून तिने नेमबाजीची परीक्षा दिली, ऑगस्टमध्ये कागदावर माझा नेम तपासला आणि गावाच्या शिकारी टोळीत नाव घातलं. टोळीचा म्होरक्या वेइक्को तिला म्हणाला, "बापाची रायफल आणलीस, ते ठीक. बापाचा हातही आणलास का?" सगळे हसले. इल्ताही हसली, पण तिने दस्ता घट्ट धरला होता, ते मला कळलं.

ऑक्टोबरातल्या पहिल्याच शिकारीच्या सकाळी तिने रायफल गाडीला टेकवून ठेवली आणि ती हातमोजे चढवू लागली. रायफल घसरली. मी खाली आणि रायफल वर, अशा आम्ही दगडांवर आपटलो. माझं भिंग शाबूत राहिलं. पण मागची कडी सरकली आणि तिच्याबरोबर माझी फुलीही केसभर सरकली. इल्ताने मला पुसलं, उजेडात धरून पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं. कुणीच नव्हतं.

तेवढ्यात वॉकी-टॉकीवर वेइक्कोचा आवाज आला. "इल्ता, जागेवर पोचलीस का? साकूला सोडतोय."

तिने रायफल खांद्याला अडकवली. "पोचतेय," ती म्हणाली.

साकू हा वेइक्कोचा राखाडी कुत्रा. तासाभरात त्याने दलदलीच्या कडेला एल्क अडवलं. घोड्याहून उंच असं ते हरीण मान खाली घालून फुरफुरत होतं आणि साकू त्याच्या डाव्या बाजूला, पुढच्या पायांशी नाचत भुंकत होता. इल्ता शंभर पावलांवर गुडघ्यावर बसली. तिने मला डोळा लावला. माझी फुली एल्कच्या छातीवर होती. पण नळी तिथे पाहत नव्हती, हे मी एकटीच जाणत होते. मला ओरडावंसं वाटत होतं. मित्रांनो, आयुष्यभर मी खरं दाखवलं, आणि त्या क्षणी मी एका माणसाच्या डोळ्यात डोळा घालून खोटं दाखवत होते.

तिचं बोट चापावर आलं. श्वास थांबला. तिच्या छातीचे ठोके दस्त्यातून माझ्यापर्यंत येत होते. एक. दोन. तीन.

बोट मागे गेलं.

"वेइक्को," ती वॉकी-टॉकीत हळूच म्हणाली, "सकाळी माझी रायफल पडली होती. नेम तपासलेला नाही. मी गोळी घालत नाही."

पलीकडे खरखर झाली. मग, "आणि हे आत्ता सांगतेस?"

एल्कने कान टवकारले आणि ते झाडीत नाहीसं झालं.

दुपारी शेकोटीभोवती कॉफी पिताना कुणी तिच्याशी बोललं नाही. एकजण सॉसेज उलटत म्हणाला, "बस चुकली तर दुसरी येते. एल्कचं तसं नसतं." इल्ताने कप खाली ठेवला आणि ती मला घेऊन वाळूच्या खाणीकडे गेली. वेइक्को साकूला घेऊन मागोमाग आला.

पहिली गोळी सुटली. कागद कोराच. दुसरी सुटली, तरी कागद कोराच. वेइक्कोने गाडीतून एक भलामोठा पुठ्ठा आणला आणि कागद त्याच्या मधोमध लावला. तिसऱ्या गोळीचं भोक पुठ्ठ्यावर पडलं खरं, पण कागदापासून हातभर डावीकडे आणि वीतभर खाली.

वेइक्को पुठ्ठ्याजवळ जाऊन उभा राहिला. त्याने त्या भोकावर तळहात ठेवला. तो हात तसाच आडवा, त्याच उंचीवर, शेजारी उभ्या असलेल्या साकूच्या दिशेने नेला. हात साकूच्या पाठीला टेकला. वेइक्कोने तो तिथून लवकर उचलला नाही.

"सकाळी एल्कच्या डावीकडेच होता ना हा?" त्याने विचारलं.

"हो," इल्ता म्हणाली. "सकाळीच सांगायला हवं होतं मी."

"हवं होतं," वेइक्को म्हणाला. "चल, पाना काढ. मी रायफल धरतो."

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तोंड नसतं. आम्ही पडतो, वाकतो, सैल होतो. वरून मात्र जशाच्या तशा दिसतो. आम्हाला जपा, हे तर खरंच. पण कधी हातून पडलोच, तर पुसून गुपचूप जागेवर ठेवू नका. आमच्या वतीने तेवढं तुम्ही बोला. उशीर झाला असला तरी बोला.