गुडघाभर तळं

आमच्या मामांनी जन्मभर विहिरी खणल्या. त्यांनी पहार उचलली की जमीन आपणहून अंग चोरून बाजूला सरकायची. पटत नसेल तर सोडून द्या.

मामींचे पाय गेले आणि त्या खिडकीपाशी खुर्चीला खिळल्या. समोर परसाची भिंत, तिचे निघालेले पोपडे. दिवसभर तेवढंच पाहायचं. त्यांनी एकच मागितलं: खिडकीखाली छोटं तळं, त्यात कमळं आणि लाल मासे. खुर्चीतून दिसले म्हणजे झालं.

मासे विकणाऱ्याने मामांना सगळं समजावलं. मधे खोली गुडघाभर, म्हणजे मासे दिसतात. कडेने पायरी, तिच्यावर झाडांच्या कुंड्या. सडकी पानं रोज काढायची, अधूनमधून थोडं पाणी बदलायचं. मामा मान डोलवत राहिले.

दुपारपर्यंत खड्डा गुडघाभर झाला. मामी खिडकीतून म्हणाल्या, पुरे. मामांनी खाली पाहिलं. खड्डा कोरडा ठणठणीत. पाणी लागायच्या आधी वर येणारा माणूस त्यांच्या लेखी पळपुटा. मी सांगून पाहिलं की यात नळाचं पाणी भरायचंय.

"मी खणलेल्या खड्ड्यात नळाचं पाणी?" मामा म्हणाले. "त्यापेक्षा मलाच पुरा त्यात."

आणि खणत राहिले. आधी छातीपर्यंत गेले, मग नुसती टोपी दिसायची, मग तीही नाही. डबा दोरीने सोडायचो, तो खाली पोचेपर्यंत अन्न शिळं व्हायचं. शेवटी पाणी लागलं. मामांनी आनंदाने हाक मारली, पण ती वर पोचायच्या आत मामाच वर पोचले होते.

बादलीतून मासे खाली सोडले, कमळाची कुंडीही सोडली. तिथे उजेड कुठला? कमळ आठवड्यात कुजलं. काठावरून वाकून पाहिलं तरी काळोखच, मग खिडकीतून काय दिसणार? मासे परत काढायला मामांनी बादली सोडली, जाळी सोडली. प्रत्येक वेळी नुसतं पाणी आलं. तेव्हा ते फावडं घेऊन बुजवायला निघाले.

"थांबा," मामी म्हणाल्या. "खाली मासे आहेत."

फावडं ठेवलं गेलं. मग मामा रोज काठावर वाकायचे आणि खिडकीकडे तोंड करून खबर द्यायचे. आज मोठा वर आला होता. धाकटा फारच चावट झालाय. एकाला तर मिशा फुटल्यात. थापांचा हा वारसा मला कुठून मिळाला, ते आलं ना लक्षात? मामी आधी हसायच्या. मग नुसतं ऐकायच्या.

एका सकाळी त्यांनी विचारलं, "अहो, तुम्हाला तरी दिसतात का?"

मामांना खोटं सुचेना. ते आत आले, हातपाय न धुता तसेच उभे राहिले.

"माझी खुर्ची आतल्या बाजूला फिरवा," मामी म्हणाल्या.

खुर्ची जड होती. एक बाजू मामांनी धरली, एक मी.