उशाखालची सुरी

खट्. पुन्हा खट्.

बाळ नुकतंच झोपलं होतं, म्हणून घरात कोणी बोलत नव्हतं. देवेश दाराशी बसून घडीची सुरी उघडत होता, मिटत होता.

"ती नको नेऊस," मी हळूच म्हटलं.

"चालेल गं."

"चालेल? तूच सांगतोस ना सगळ्यांना, रानात घडीच्या सुरीचा भरवसा धरू नका म्हणून?"

एरवी हसला असता. घाटाखालच्या रानात कॉलेजातली दोन मुलं कालपासून सापडत नव्हती. त्याच्या शोधपथकाचा फोन आला होता. कांदिवली स्टेशनबाहेर जीप थांबणार होती.

त्याची खरी सुरी बाळाच्या उशाखाली होती. ती घेतली तेव्हा मी बरोबर होते. दुकानदाराकडे पाणी मागून त्याने हात ओला केला आणि एकेक मूठ आवळून बघितली. म्हणाला, "ओल्या हातातून सटकली तर आपलीच बोटं जातात." मग पातं मुठीच्या टोकापर्यंत एकसंध आहे ना, ते पाहिलं. असं पातं ओल्या ओंडक्यावर धरून वरून ठोकलं, की ओंडका फुटतो. आतलं कोरडं लाकूड मिळतं, जाळ होतो, रात्र निघते. घडीची सुरी तिथे बिजागरीत मोडते.

आमच्याकडे बाळाच्या उशाशी लोखंड ठेवतात, बारशापर्यंत हलवत नाहीत. थोरल्या निधीच्या पाठच्या बाळाच्या वेळी आम्ही दोघं सासूबाईंना हसलो होतो. ते बाळ नाव ठेवायच्या आधीच गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं, आम्हाला समजलंही. तरी या खेपेला कोणी न सांगता देवेशनेच आपली सुरी म्यानासकट उशाखाली सरकवली.

"बारसो होयपर्यंत ती हलवची नाय हां," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांना सगळं ऐकू येतं.

"नाय गो आये," देवेश म्हणाला आणि आंघोळीला गेला.

मी उठले. ओट्यावरची भाजीची सुरी उचलली, ती उशाखाली ठेवली आणि त्याची काढून घेतली. लोखंड ते लोखंड. सासूबाईंनी पाहिलं. एकदा नातवाकडे बघितलं, एकदा न्हाणीच्या दाराकडे. मग विळी ओढून कांदा चिरायला बसल्या.

सुरी हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. मी ती त्याच्या बुटांशेजारी ठेवली. त्याने उचलली, माझ्याकडे बघितलं. बाळाला बघून येतो म्हणून आत गेला. बाहेर आला, बूट घातले, निधीच्या केसांतून हात फिरवला.

"येतो."

संध्याकाळी त्याचा फोन लागेना. रेंज नसेल, मी स्वतःला समजावलं. बाळ रडायला लागलं. त्याला पाजायला उचललं तेव्हा उशी सरकली.

उशाखाली दोन सुऱ्या होत्या. भाजीची, आणि तिला लागून म्यानातली त्याची.

मी बाळाला पदराखाली घेतलं. निधी जवळ आली, माझ्या मांडीला टेकली.

"आई, सुरी असली की वाईट काही जवळ येत नाही ना?"

"हो गं राणी. येत नाही."

तिने दोन्ही सुऱ्या नीट बघितल्या.

"मग बाबांच्या जवळ आलं तर?"