शेजीची भिंत

"सॉकेट परत त्याच भोकात बसवलास तर हात मोडून ठेवीन," मंजुळा म्हणाली.

गुणाजीने स्क्रूड्रायव्हर खाली घेतला. कळव्याच्या या चाळीचं वायरिंग त्यानेच केलेलं. "मावशी, भोक तयार आहे. दुसरीकडे म्हणजे भिंत फोडायला लागेल."

"मग फोड."

"अगं, माल नवीन आहे. पलीकडेपण हाच लावतो, बायजाआजी दवाखान्यातून यायच्या आत."

मंजुळा आणि बायजा यांच्या खोल्यांमध्ये एका विटेची भिंत. गुणाजीने एकदाच छिन्नी चालवून आरपार भोक पाडलेलं आणि दोन्ही घरांचे सॉकेट पाठीला पाठ लावून बसवलेले. मधे विटेची कपचीही नाही. पहाटे भाकऱ्या थापताना बायजा ओवी म्हणे, ती त्या फटीतून मंजुळेच्या उशाशी येई:

शेजीच्या घराला गं, माझ्या घराची भिंत
तिच्या चुलीची ऊब, माझ्या उशाला येत

गेल्या महिन्यात ऊब नाही, जाळ गेला. मंजुळेच्या फ्रिजचा सॉकेट तापून पेटला आणि आग भोकातून पलीकडच्या गोधड्यांवर उतरली. त्या ओढताना बायजाचे दोन्ही हात भाजले.

"पण आत चिंधी कुणी कोंबलेली?" गुणाजी म्हणाला. "आजीनेच ना? जुन्या लुगड्याची. तिचीच वात झाली. माझी काय चूक?"

"झुरळं यायची म्हणून कोंबली. झुरळांना वाट कुणी ठेवली?"

"अख्ख्या चाळीत असंच आहे, मावशी."

"म्हणजे अख्खी चाळ जाळणार तू."

ती भिंतीला पाठ लावून खालीच बसली. "आधी वीट, वर सिमेंट. माझा सॉकेट दाराकडे, तिचा मोरीकडे. तोवर मी उठत नाही."

"कामावर नाही जायचं?"

"पडू दे खाडा."

संध्याकाळी बायजा घरी आली तेव्हा भोक बुजलेलं होतं.

पहाटे मंजुळेला नेहमीच्या वेळी जाग आली. तिने ओल्या सिमेंटला कान लावला. काही नाही. ती उठून शेजारी गेली. विझलेल्या चुलीपुढे बायजा बसलेली, बँडेजचे हात मांडीवर. ओठ हलत होते.

"भिंतीतून हाक मारली गं तुला," बायजा म्हणाली.

"आता नाही येत ऐकू," मंजुळा म्हणाली, आणि तिने पिठाची परात आपल्याकडे ओढली.