खिळ्यावरचं लेबल

विंडसरच्या त्या कारखान्यात विजेवरच्या जुन्या मोटारींच्या बॅटऱ्या सोडवत आणि त्यातल्या धडधाकट निवडून घरात वीज साठवायच्या पेट्या बांधत. कुठली बॅटरी कुठल्या मोटारीतून निघाली आणि कुणाच्या तळघरात गेली, हे पडद्यावर दाखवणं रेनाटा बिलिन्स्कीचं काम. स्वतःचे आजोबा पोलंडातल्या कुठल्या गावचे, हे तिला सांगता आलं नसतं; बॅटरीची मात्र सात पिढ्यांची कुळकथा तिला तोंडपाठ.

सकाळी निरोप आला. पुरात बुडालेल्या मोटारींच्या बॅटऱ्या चुकून मालात आल्या होत्या. आत पाणी शिरलेलं. कधी पेट घेतील याचा नेम नाही. रेनाटाने पडदा पाहिला. बुडालेल्यातली एकही बाहेर गेलेली नव्हती. सगळं हिरवंगार.

ती हलक्या पावलांनी खाली जोडणीच्या पट्ट्यापाशी गेली. तिथला मुकादम गॉर्ड थिबो बॅटऱ्या पेटीत बसवत होता.

"तुमचे आभार मानायला आलेय."

"आमचे? म्हणजे आज काहीतरी नक्की बिघडलंय."

बोलता बोलता त्याने एक बरबटलेली बॅटरी उचलली, खिळ्याला टांगलेल्या एका स्वच्छ लेबलावर यंत्र रोखलं, टिंग वाजलं, आणि बॅटरी पेटीत गेली.

"हे काय केलंस?"

"हजेरी लावली. हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाच्या राड्याने लेबलं माखतात, यंत्राला वाचता येत नाहीत. पट्टा थांबला की वरून तुमचीच ओरड. मग हा खिळ्यावरचा गुणी बाळ सगळ्यांच्या नावाने 'हजर' म्हणतो. कॉलेजात तू नव्हतीस का लावत?"

"सगळ्यांवर राडाच होता?"

गॉर्डचा हात थांबला. "काही कोरी होती," तो म्हणाला. "धुतल्यासारखी. आम्हाला वाटलं, चला, कुणीतरी पुसून तरी पाठवली."

ज्या पाण्याखाली होत्या, नेमकी त्यांचीच लेबलं धुऊन गेली होती. आणि नेमक्या त्याच बॅटऱ्या खिळ्यावरच्या बाळाच्या पुण्याईने हिरव्या होऊन घरोघर गेल्या होत्या. याच पट्ट्यावरची एक पेटी रेनाटाने गेल्याच महिन्यात कर्मचारी सवलतीत आईला घेऊन दिली होती. ती किंग्सविलला आईच्या तळघरात होती, स्वयंपाकघराच्या बरोबर खाली.

आईने फोन उचलला नाही. कणीक मळताना ती कुणाचाच फोन उचलत नसे, पोपचाही उचलला नसता. रेनाटाने गाडी काढली. बर्फाने निसरड्या रस्त्यावर ती आयुष्यात पहिल्यांदा ट्रकांना मागे टाकत गेली. वळणावळणाला क्षितिजावर धूर दिसे, आणि जवळ गेल्यावर ते टोमॅटोच्या काचघरांचं धुराडं निघे.

घर जागेवर होतं. आई पिठाच्या हातांनी दारात आली.

"कामाच्या दिवशी? काढून टाकलं का तुला?"

"आई, कोट घाल. बाहेर चल."

"पिएरोगी पाण्यात उकळतायत, सारण बाहेर येईल."

"राहू देत."

"सकाळपासून खालून गोडसर वास येतोय," आई बूट शोधत म्हणाली. "म्हटलं, तुझ्या बाबांची जुनी वाईन फुटली असेल. बघायला जाणारच होते."

फुटलेल्या बॅटरीलाही असाच गोडसर वास येतो. रेनाटाने तिला दंडाला धरून मोजे घातलेल्या पायांनीच बर्फात ओढलं. गाडीत बसवून तिने आधी अग्निशमनवाल्यांना फोन केला, मग गॉर्डला.

"गिऱ्हाइकांना फोन लावायला लाग. म्हणावं, घराबाहेर पडा."

"कुणाकुणाला?"

"सगळ्यांना."

"पडद्यावर तर सगळे—"

"पडद्यावर माझी आईही हिरवीच आहे, गॉर्ड."

तळघराच्या बुटक्या खिडकीची काच आतून धुरकट होत चालली होती. मांडीवरच्या फोनवर आईच्या घराचा ठिपका अजून हिरवा होता. आईने ओले पाय एकमेकांवर घासले.

"शेजारच्या इर्मानेही घेतली तसली पेटी," ती म्हणाली. "मीच म्हटलं तिला, आमची रेना एकेक तपासून देते."

रेनाटाने गाडीचं दार उघडलं आणि इर्माच्या कुंपणाकडे धाव घेतली.